पोटातले कावळे गप्प होतात तेव्हा

भंडाऱ्यात मी ज्या अभ्यासिकेत बसतो, तिथे सकाळी साडेअकराच्या सुमारास एक ठरलेला आवाज येतो. पंखे फिरत असतात, पानं उलटली जात असतात, कुणी एक शब्द बोलत नाही आणि कुणाच्या तरी पोटातून लांबलचक गुरगुर निघते. ज्याचं पोट तो घाईघाईने खुर्ची सरकवतो, नाहीतर बाटलीचं झाकण काढून गटागटा पाणी पितो. बाकीचे पुस्तकात तोंड घालून हसतात. आमच्यातले बरेच जण आसपासच्या गावांतून सकाळच्या एसटीने येतात. निघताना पोटात फक्त चहा असतो. त्यामुळे आवाज येणार हे नक्की. आज आधी कुणाचा, एवढाच प्रश्न.

एकदा तो माझा होता, आणि चांगला तीन रांगांपर्यंत ऐकू जाईल एवढा. घरी येऊन आजीला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "वाजू दे ना बापा. वाजते तवरी बरं हाये." मी हसून सोडून दिलं. पुढे काही दिवसांनी परीक्षेसाठी जिल्ह्याचा इतिहास काढताना १९०१च्या जनगणनेचा एक आकडा समोर आला, आणि आजीचं ते वाक्य परत आठवलं. तेव्हापासून मी या आवाजाच्या मागे लागलो. तो कुठून येतो, आधी कुणी कुणी तो कान देऊन ऐकला, आणि तो थांबतो तेव्हा काय होतं?

पक्षी, उंदीर आणि ढग

पोट वाजतं ही गोष्ट माणसाला कायम माहीत होती, पण प्रत्येक भाषेने तिथे वेगळा प्राणी बसवला. मराठीत भूक लागली की पोटात कावळे ओरडतात. हिंदीत पोटात उंदीर धावतात. संस्कृतातही पक्षीच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींवर एक अध्याय आहे. वात पक्वाशयात बिघडला की काय काय होतं हे सांगताना तिथे 'आंत्रकूज' आणि 'आटोप' असे दोन शब्द येतात. कूजन म्हणजे पक्ष्यांचा मंद आवाज. कोकिळेचंही कूजन आणि आतड्याचंही कूजनच. आटोप म्हणजे पोट फुगून होणारी गुडगुड. म्हणजे वैद्यांनी हा आवाज नुसता ऐकला नव्हता, त्याचे प्रकार केले होते आणि दुखण्याच्या यादीत त्याला जागा दिली होती.

ग्रीकांनी आवाजावरूनच शब्द केला: बोरबोरिग्मॉस. मोठ्याने म्हणून बघा, तोंडात गुडगुड होते. इंग्रजी डॉक्टरी पुस्तकांत आजही हाच शब्द, 'बोरबोरिग्मी' या रूपात, वापरात आहे. इसवीसनपूर्व ४२३मध्ये अथेन्सला अॅरिस्टोफेनिसचं 'क्लाउड्स' हे विनोदी नाटक झालं. त्यात सॉक्रेटिस एका म्हाताऱ्याला ढग का गडगडतात ते समजावतो. उदाहरण कशाचं? सणाच्या दिवशी रस्सा जास्त झाल्यावर म्हाताऱ्याच्या पोटात होणाऱ्या गडगडाटाचं. प्रेक्षक हसले असणार. आमच्या अभ्यासिकेत हसतात तसेच.

पण या सगळ्यांत मला थांबवलं ते एका उपनिषदाने. बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात एक अगदी छोटं ब्राह्मण आहे. त्याचा आशय असा: माणसाच्या आत वैश्वानर नावाचा अग्नी आहे, खाल्लेलं अन्न तोच पचवतो. या अग्नीचा एक घोष असतो. दोन्ही कान झाकले की तो ऐकू येतो. आणि माणूस जायला निघतो तेव्हा त्याला हा घोष ऐकू येत नाही.

तुम्हीही करून बघा. दोन्ही कानांत बोटं घट्ट घाला. घूं असा सखल, सतत चालणारा आवाज येईल. आता शास्त्र असं सांगतं की तो पोटातला नसून मुख्यतः आपल्या हाताच्या आणि बोटांच्या स्नायूंचा आहे. आवळलेला स्नायू बारीक थरथरतो, ती थरथर बोटातून कानात पोचते. सतराव्या शतकात इटलीच्या ग्रिमाल्डीने हे नोंदवलं आणि १८१०मध्ये इंग्लंडच्या वोलास्टनने त्याचा नीट अभ्यास केला. तेव्हा ऋषींचा पत्ता चुकला होता हे खरं. पण शरीर आतून सतत वाजतं, आणि ते वाजणं थांबणं ही वाईट खूण आहे, हे निरीक्षण तिथे आहे. आजीने उपनिषद वाचलेलं नाही. ती तेच म्हणाली होती.

एकच साल, दोन पोटं

आता त्या आकड्याकडे येतो. १९०१च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांपूर्वी होती त्यापेक्षा ती ११ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे सुमारे ऐंशी हजार माणसं हिशेबातून गेली. काही मेली, काही गाव सोडून गेली, काही जन्मायची ती जन्मलीच नाहीत. कारण दोन दुष्काळ: एक १८९६-९७चा, दुसरा १८९९-१९००चा. दुसरा जास्त कडक.

हे वाचताना विश्वास बसत नाही, कारण भंडाऱ्याची ओळखच पाण्याची आहे. तलावांचा जिल्हा, धानाचं कोठार. कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजवटीपासून इथे तलाव बांधले. दोन टेकड्यांमधली जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि खालच्या बांध्यांमध्ये सोडायचं. नवेगावबांध हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. १९९९मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला, पण दुष्काळाच्या काळात तो भंडाऱ्यातच होता. मालगुजारांच्या ताब्यात असलेल्या असल्या शेकडो तलावांना सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. आम्ही त्याची आद्याक्षरं घेऊन 'मामा तलाव' म्हणतो. मामाकडे गेलं की पोटभर मिळतं, असं नावातच आश्वासन.

पण तलाव भरायला पाऊस लागतो. १८९६ साली पाऊस अर्ध्यातच थांबला. धान निसवायच्या वेळी बांधीत पाणी हवं असतं, ते नव्हतं. १८९९मध्ये तर पावसाने जवळजवळ पाठच फिरवली. ज्वारी-बाजरीच्या मुलखात एक पीक गेलं तर दुसऱ्यावर थोडं निभतं. धानाच्या मुलखात सगळं एकाच पिकावर. ते गेलं की मजुरीही गेली, कारण रोवणी, निंदण, कापणी, मळणी ही सगळी कामं त्याच पिकाची. बाजारात दाणे असले तरी ते विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. रेल्वे तोवर या भागातून गेली होती. पण रेल्वे धान्य आणते तिथे, जिथे ते विकत घेणारा असतो.

माणसांनी मोह वेचला. जंगलातले कंद उकरले. सरकारी कामांवर खडी फोडली, माती वाहिली.

त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं ते बघा. नोव्हेंबर १८९५मध्ये राँटजेनला क्ष-किरण सापडले. डिसेंबर १८९६मध्ये, म्हणजे इथल्या पहिल्या दुष्काळाच्या हिवाळ्यात, हार्वर्डमध्ये वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला असलेला वॉल्टर कॅनन नावाचा मुलगा हे किरण घेऊन जनावरांच्या पोटात डोकावत होता. मांजरांना बिस्मथ नावाचा क्षार मिसळलेलं अन्न द्यायचं. बिस्मथमधून किरण आरपार जात नाहीत, त्यामुळे पडद्यावर जठराची सावली दिसते. कॅननला दिसलं की जठर ही नुसती पिशवी नाही. तिच्यावरून एकामागून एक लाटा खाली सरकत जातात. आणखी एक गोष्ट दिसली. मांजर घाबरली किंवा चिडली की लाटा एकदम बंद. शांत झाली की पुन्हा सुरू. परीक्षेच्या सकाळी आपल्या घशाखाली घास का उतरत नाही, आणि उतरलेला तिथेच का बसतो, याचा हा पहिला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. 'लढा किंवा पळा' ही शरीराची तऱ्हा पुढे याच कॅननने मांडली, तिचं एक मूळ या मांजरीत आहे.

आणि १८९९मध्ये, इथे दुसरा दुष्काळ सुरू झाला त्याच साली, लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी आतड्याचा नियम मांडला. आतड्यात काही आलं की त्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो, आणि माल पुढे सरकतो. मेंदूकडून येणाऱ्या नसा कापल्या तरी हे चालूच राहतं, कारण आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे. म्हणजे आतडं कुणाला विचारून काम करत नाही.

मी या दोन नोंदी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवल्या. १८९९, लंडन: आतडं अन्न पुढे कसं ढकलतं ते समजलं. १८९९, भंडारा: ढकलायला अन्न नव्हतं.

एक पौंड धान्य

भूक मोजायची म्हटली तर कशाने मोजायची? दुष्काळ हाताळणाऱ्या सरकारपुढे हा प्रश्न आधीपासून होता, आणि त्याचं एक उत्तर देणारा माणूस आपल्याच प्रांतात राहून गेला होता. सर रिचर्ड टेम्पल १८६०च्या दशकात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते, नागपुरात. पुढे १८७७मध्ये मद्रास इलाख्यातल्या दुष्काळावर त्यांना पाठवलं, तेव्हा त्यांनी सरकारी कामावरच्या मजुराचा रोजचा हिशेब एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणला. याला 'टेम्पल वेज' असं नाव पडलं. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी कडक विरोध केला: एवढ्यावर माती वाहणारा माणूस टिकणार नाही. मुंबई इलाख्यात तर दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी कामच सोडलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. मद्रासमध्ये पुढे मजुरी वाढवावी लागली.

एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. तांदूळ धरला तर साधारण सोळाशे कॅलरी. हा आकडा लक्षात ठेवा. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना कसं सावरायचं ते कळावं म्हणून. त्या तरुणांना रोज मिळत होत्या सुमारे १५७० कॅलरी. त्यांचं वजन जवळजवळ पाव भागाने उतरलं. ते दिवसभर अन्नाचाच विचार करायचे, चिडायचे, खचायचे. ज्याला विसाव्या शतकात 'उपासमारीचा प्रयोग' म्हटलं, जवळपास तेवढाच घास टेम्पलच्या हिशेबात मजुरीचा गाभा होता, आणि समोर दिवसभराचं मातीकाम होतं.

१८८०च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाचे नियम तयार झाले. १८९६मध्ये ते लागू होते. नियमांनी जीव वाचवले हे नाकारता येत नाही. पण तराजूत धान्य मोजलं जात होतं, पोट नाही.

फुगा गिळणारा विद्यार्थी

पोट मोजायचा प्रयत्न झाला तो थोड्याच वर्षांनी, आणि त्याची सुरुवात झाली या गुरगुरीपासूनच. तोच कॅनन आता प्राध्यापक झाला होता. १९०५मध्ये तो स्वतःच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून बसायचा आणि आवाजांचा ताल नोंदवायचा. त्यात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. भूक सलग लागत नाही. येते, जाते, पुन्हा येते. आणि ती जाण्याच्या क्षणी बऱ्याचदा स्टेथोस्कोपमध्ये मोठी गुरगुर ऐकू येते. म्हणजे आत काहीतरी आवळून सुटत असलं पाहिजे.

हे तपासायला त्याने वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याला पुढे केलं. वॉशबर्नने रबरी नळी गिळायची सवय केली. नळीच्या टोकाला फुगा. फुगा जठरात गेला की त्यात थोडी हवा भरायची. जठर आवळलं की फुगा दाबला जायचा आणि बाहेर काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ उठायची. वॉशबर्नला ती रेघ दिसत नव्हती. त्याने फक्त भूक जाणवली की बटण दाबायचं. १९१२मध्ये निष्कर्ष छापला: जठराचं आकुंचन आणि भुकेची कळ सोबत येतात. आकुंचन आधी, जाणीव नंतर. कॅनन म्हणाला, भूक म्हणजे रिकाम्या जठराचं आवळणं.

फार सुंदर उत्तर. पण पुरतं बरोबर नाही. १९३१मध्ये वांगेनस्टीन आणि कार्लसन यांनी एका रुग्णाची नोंद छापली. त्याचं जठर शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकलं होतं. तरी त्याला भूक लागत होती. म्हणजे कावळे नसले तरी भूक असते. आज आपल्याला माहीत आहे की भुकेचा कारभार मेंदू बघतो आणि त्याला रक्तातून अनेक निरोप येतात. त्यातला एक घ्रेलिन. जठरातून निघणारा, जपानी शास्त्रज्ञांनी १९९९मध्ये शोधलेला.

झाडू मारणारी लाट

मग रिकाम्या पोटी आवळायचं कारण काय? याचं उत्तर १९६९मध्ये शुर्शेव्स्की या शास्त्रज्ञाने उपाशी कुत्र्यांच्या आतड्यांवर इलेक्ट्रोड लावून काढलं. पुढे ते माणसातही दिसलं. जेवण पुढे सरकून गेल्यावर, साधारण दर दीड ते दोन तासांनी, जठरापासून एक जोरकस लाट उठते आणि लहान आतड्याच्या शेवटापर्यंत सावकाश सरकत जाते. जठरात ती मिनिटाला तीन वेळा आवळते, लहान आतड्याच्या सुरुवातीला अकरा-बारा वेळा. तिचं काम झाडलोटीचं. उरलेले कण, मेलेल्या पेशी, चुकून वर आलेले जंतू हे सगळं ती पुढे ढकलते. मोटिलिन नावाचं संप्रेरक तिला चालना देतं. तुम्ही एक घास खाल्ला की ती मोडते आणि आतडं पचनाच्या कामाला लागतं. रात्री तुम्ही झोपलात तरी तिच्या फेऱ्या चालूच.

आवाज येतो तो हवा आणि पाण्यामुळे. दिवसभरात आपण साधारण दोन लिटर पातळ पदार्थ घेतो आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून शरीर स्वतः सहा-सात लिटर आत ओततं. हे सगळं सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यातून जातं आणि बहुतेक परत शोषलं जातं. त्याच नळीत हवेचे बुडबुडे असतात. आवळणारी भिंत पाणी आणि हवा एकत्र अरुंद जागेतून दाबून नेते, की गुरगुर. हे जेवणानंतरही होतं, पण तेव्हा अन्न आवाज दाबतं. रिकाम्या नळीत तो घुमतो. आपल्याकडे म्हण आहे, उथळ पाण्याला खळखळाट फार. ती बढाईखोर माणसाला उद्देशून आहे, पण पोटाला शब्दशः लागू पडते. मामा तलाव तुडुंब असताना सांडव्याशी गेलात तर पाणी जाड, गप्प सरकतं. तेच हिवाळ्याच्या शेवटी पाट आटत आला की दगडांवरून आवाज करत जातं.

म्हणजे अभ्यासिकेतला तो आवाज भुकेचा हुंदका नाही. घरातली माणसं बाहेर गेल्यावर आत झाडू फिरतोय, एवढंच. लाजायचं त्यात काही नाही.

लाखोळीची गोष्ट

गुरगुरीचं दुसरं एक कारण आहे आणि त्याची या जिल्ह्याशी ओळख जुनी आहे. धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, आमच्याकडे लाखोळी फेकतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. धान निघालं की ती वर येते. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वडे होतात. कडधान्यांत काही अशा साखरा असतात ज्या लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. वडे खाल्ल्याच्या रात्री घरभर जे ऐकू येतं ते हे. चरकांचा आटोप बहुधा असाच काही.

पण लाखोळीची दुसरी बाजू काळी आहे. ती अवर्षणातही तग धरते. सगळं जातं तेव्हा ती उरते. मग माणसं महिनोन्‌महिने जवळजवळ तिच्यावरच जगतात, आणि तिच्यातल्या एका विषारी घटकामुळे काहींचे पाय कायमचे लुळे पडतात. १८३०च्या सुमारास सागर भागात पिकं बुडाल्यावर हे झालं होतं. कर्नल स्लीमनने ते लिहून ठेवलं आहे. तो भाग पुढे भंडाऱ्याच्याच मध्य प्रांतात होता. रोजच्या जेवणात भातासोबत थोडी लाखोळी असणं वेगळं आणि पोटातले कावळे गप्प करायला फक्त लाखोळी उरणं वेगळं. डाळ तीच. बदलतं ते ताटात आणखी काय आहे, एवढंच.

भूक मरते तेव्हा

आता शेवटचा प्रश्न. आवाज थांबला तर?

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकतात हे तुम्ही पाहिलं असेल. आतडं सुन्न पडलं तर पोट अगदी शांत होतं. ती शांतता धोक्याची असू शकते. कुठे अडथळा आला असेल तर उलट आवाज बारीक, किणकिणता येतो. आता नुसत्या आवाजावर कुणी निर्णय घेत नाही, तपासणीची इतर साधनं आहेत. पण गप्प पोट कुणालाच आवडत नाही.

दीर्घ उपासमारीत याहून संथ काहीतरी होतं. शरीर खर्च कमी करतं. अतितीव्र कुपोषण झालेल्या मुलाचं हृदय कमी रक्त फेकतं, मूत्रपिंडं मंदावतात, जठररस कमी सुटतो, आतड्याची हालचाल संथ होते. आणि भूक जाते. मराठीत आपण सहज म्हणतो, भूक मेली. चहा जास्त झाला म्हणून मरते ती भूक वेगळी. ही मरते ती खरोखर मरते.

म्हणूनच कुपोषित मुलाला तपासताना आज एक भूक चाचणी घेतात. मुलाला विशेष पोषक आहार देतात आणि बघतात, ते खातं का. खाल्लं आणि दुसरा आजार नसेल तर गावातच उपचार करता येतात. तोंड फिरवलं तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागतं. म्हणजे जे मूल 'दे, दे' म्हणून रडतं ते त्यातल्या त्यात बरं. जे समोर वाटी असून शांत पडून राहतं, त्याची काळजी जास्त. आणि अशा मुलाला एकदम पोटभर जेवण द्यायचं नसतं. झेपत नाही, जिवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेचं सुरुवातीचं पातळ दूध १०० मिलिलिटरला फक्त ७५ कॅलरींचं असतं, आणि ते दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं पाजतात. आजीच्या घरात आजारातून उठलेल्याला आधी पेज आणि मग भात, हा क्रम कुणी शिकवावा लागत नाही.

हे कळल्यावर मी १९०१चा तो आकडा पुन्हा पाहिला. दुष्काळाचं चित्र म्हणून आपल्या डोळ्यांपुढे आक्रोश येतो. धान्यासाठी ओरडणारी गर्दी येते. ती सुरुवातीला असणारच. पण पुढे पुढे, १९००च्या उन्हाळ्यात, वैनगंगेच्या काठच्या एखाद्या गावात आवाज कमी कमी होत गेला असणार. चुलीचा नाही, जात्याचा नाही, बैलांच्या घंटांचा नाही, आणि शेवटी पोटाचाही नाही. सरकारी नोंदीत तोंडं मोजली, मजुरीची नाणी मोजली, मेलेले मोजले. ही शांतता मोजायला कुणाकडे काही नव्हतं.

मी आजीला विचारलं, तुला हे कुणी सांगितलं, वाजतं तोवर बरं म्हणून? ती म्हणाली, तिची सासू म्हणायची. सासूला कुणी सांगितलं ते तिला माहीत नव्हतं. हिशेब केला तर सासूची आई त्या वर्षांत लहान मुलगी असेल. याहून जास्त काही माझ्या हाती लागलं नाही.

परवा अभ्यासिकेत पुन्हा तो आवाज आला. साकोलीकडून येणाऱ्या एका मुलाचा. त्याने खुर्ची सरकवली, बाटली उघडली. मी बॅगेतून मुरमुऱ्यांची पिशवी काढून त्याच्याकडे सरकवली. तो आधी नको म्हणाला, मग त्याने मूठ भरून घेतली. पाच मिनिटांनी माझंही पोट वाजलं. या वेळी मी पाणी प्यायलो नाही.